पेव नव्हतं ते, मुकुंदराव

मुकुंदराव,

रविवारी तुमची शोकसभा झाली. तुम्ही हजर नव्हता ते बरं झालं. असता तर मध्येच उठला असता, आणि जाताना खुर्ची मुद्दाम आवाज करत सरकवली असती.

टोकियोत निशी-कसाईच्या ज्या हॉलमध्ये आम्ही गणपती बसवतो आणि एरवी जपानी आज्या व्यायाम करतात, तिथे टेबलावर तुमचा फोटो ठेवला होता. फोटोत तुम्ही हसत होता. तो कुणी काढला आणि काय आमिष दाखवून काढला, देव जाणे. मंडळाचे माजी अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि त्यांनी तुम्हाला 'मृदुभाषी' म्हटलं. माझा चहा नाकात गेला. सुजातानं मला कोपरानं ढोसलं. पण तुमची सख्खी मेहुणी असूनही तिचे खांदे हलत होते, आणि ते काही रडण्यानं नव्हे. दुसऱ्या गृहस्थांनी तुम्हाला मातीत हरवलेला इतिहास शोधणारे ऋषी करून टाकलं. तिसऱ्या बाई तुम्हाला आयुष्यात भेटल्या नव्हत्या. सगळ्यांत जास्त त्याच रडल्या. पण एवढ्या सगळ्या भाषणांत एकाही माणसाच्या तोंडून 'संडास' हा शब्द बाहेर पडला नाही.

म्हणून हे लिहायला बसलो. तुम्ही, आमचे साडू, क्योतोच्या विद्यापीठात मातीच्या रसायनांवर काम करायचात, आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरातल्या ओस पडलेल्या शेतघरांचे जुने संडास उकरायचात. संडास, आणि जमिनीखालची कोठारं. इतर लोक क्योतोत देवळं बघतात. वीस वर्षं मी या छंदाला नावं ठेवली, आणि केवळ तुम्ही गेलात म्हणून मत बदलावं असं मला वाटत नाही.

अनुभवानं बोलतोय. मे महिन्याच्या सलग सुट्टीत माझ्या ऑफिसातले लोक ओकिनावाला जायचे आणि सुजाता मला क्योतोला पाठवायची. "भाऊजी एकटेच खणतात, तुम्ही नुसत्या बादल्या उचला." नुसत्या! बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या, खुर्चीत पिकलेल्या माणसाची कंबर ती. खड्ड्यात तुम्ही, काठावर मी, आणि आपल्यामध्ये दोरीला बांधलेली बादली. वर आलेली माती मी चाळायची, आणि तुम्ही खालून विचारायचं, "काय दिसतंय?" मी म्हणायचो, "माती." त्यावर तुम्ही खालून जो उसासा टाकायचात, तो ऐकून माझ्या दहावीच्या गणिताच्या मास्तरांची आठवण व्हायची.

तुमचं म्हणणं असं की जपानी शेतकऱ्यानं मैला कधी वाया घालवला नाही, तो सगळा शेतात गेला. म्हणजे संडासाचे पुरलेले रांजण रिकामेच. पण घराचा नवा संडास झाला की जुना रांजण बुजवायचा, आणि बुजवायला घरातलंच फुटकंतुटकं घालायचं. फुटक्या बश्या, औषधाच्या बाटल्या, शाईच्या दौती, सुनेनं फोडून लपवलेली सासूची आवडती वाटी. ते बाहेर काढायचं आणि सांगायचं, हे घर अमुक साली बरं चाललं होतं, तमुक साली बिघडलं. बाटलीवरची काचेची शिवण अंगठ्यानं चाचपायची: गळ्यापाशी थांबली तर तोंड हातानं घडवलेलं, म्हणजे जुनी, ओठापर्यंत गेली तर यंत्राची. आणि वाटीच्या बुडाशी नंबर असेल तर युद्धकाळातली, कारण त्या वर्षांत भट्ट्यांना नंबर दिलेले होते. हे सगळं तुम्ही मला दर वर्षी नव्यानं शिकवलंत, जणू मागच्या वर्षीचा मी कुणी दुसराच होतो.

तुमच्या तिरस्काराला काही तोटा नव्हता. लोखंडी सळई घेऊन निळ्या बाटल्या शोधत फिरणाऱ्या आणि त्या ऑनलाइन विकणाऱ्या लोकांना तुम्ही 'गिधाडं' म्हणायचात, आणि मग गिधाडाची माफी मागायचात. म्युझियमवाल्यांना फक्त राजघराण्याचे संडास हवेत, असं तुमचं मत. माझ्या कामाबद्दल तर विचारूच नका. एकदा डबा खाता खाता तुम्ही मला विचारलंत, "शंभर वर्षांनी तुमच्या बँकेची जागा कुणी खणली, तर तुमचं काय सापडेल हो?" मी विचार करून म्हटलं, "कंबरेचा पट्टा." तुम्ही हसला नाहीत. तुम्ही प्रश्न गंभीरपणे विचारला होता.

आणि लोणचं. ते मी शोकसभेत सांगणार होतो, पण सुजातानं चिमटा काढला. सासूबाई नाशिकहून क्योतोला आल्या होत्या. बाल्कनीत त्यांना तपकिरी झिलईची सुबक बरणी वाळत ठेवलेली दिसली. त्यांनी ती धुतली, उन्हात ठेवली आणि त्यात लिंबाचं लोणचं घातलं. तुम्ही बघत होता. बोलला नाहीत. लोणचं मुरलं, आम्ही टोकियोहून आलो, सगळ्यांनी बोटं चाटून खाल्लं, आणि मग सासूबाईंनी कौतुकानं विचारलं की इतकी छान बरणी कुठं मिळाली. तुम्ही वरणात भात कालवता कालवता सांगितलंत की अमक्या खेड्यातल्या संडासाच्या भरावात. वर म्हणालात, "ऐंशी वर्षं मातीत होती, आई. आपल्या हातांपेक्षा स्वच्छ."

अखेरच्या वेळी तोंडात घालायला म्हणून जपलेला गंगेचा गडू सासूबाई विमानातून बरोबर घेऊन आल्या होत्या. तो त्यांनी त्या दुपारी फोडला आणि आम्हाला रांगेत उभं करून चमचा चमचा पाजला. तुम्हीही प्यायलात. ओठ पुसत म्हणालात, "हे मात्र प्रयोगशाळेत तपासायला हवं होतं." त्यानंतर परत जाईपर्यंत त्या तुमच्याशी नीलाताईंमार्फत, म्हणजे आपल्या लेकीमार्फतच बोलल्या.

तर असे तुम्ही मृदुभाषी.

आता मुद्द्यावर येतो. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो, हे तुमचं माझ्याबद्दलचं सर्वांत सौम्य मत होतं.

गेल्या मे महिन्यात आपण तानिगुची-सानच्या घरी गेलो. क्योतोच्या उत्तरेला, बस बंद झालेल्या डोंगरात, एकही माणूस न उरलेल्या वाडीतलं ते घर. घर पाडायचं ठरलं होतं. बहुतेक मालक तुम्हाला परवानगी द्यायचे ती 'करा काय करायचं ते' अशा आवाजात. ही बाई मात्र स्वतः आली, लेकाच्या गाडीतून, देवळात जाताना घालावेत तसे कपडे घालून. पंच्याऐंशीच्या पुढची, मुठीएवढी. तिनं तुम्हाला बोलावलं होतं ते बाटल्यांसाठी नव्हतं. तिला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी होती: या घराखाली खड्डा नाही, असं कुणा शिकलेल्या माणसानं म्हणावं.

तिचे वडील घरजावई. दक्षिणेकडच्या गरम किनाऱ्यावरून या थंड डोंगरात आलेले, म्हणजे गावाच्या दृष्टीनं कायमचे परके. युद्धाच्या शेवटी शेवटी सरकारला तांदूळ द्यावा लागे, तो सगळ्या वाडीनं मिळून. एकानं कमी दिला तर दुसऱ्यानं भरून काढायचा. शेजारच्या कितामुरांनी बियाण्याचासुद्धा दिला. त्या हिवाळ्यात कितामुरांच्या बायकोला दूध येईना आणि त्यांचं तान्हं बाळ गेलं. मग कुणीतरी म्हणालं की तानिगुचीच्या जमिनीखाली खड्डा आहे, त्यात तांदूळ आहे. वडिलांनी कधी उत्तर दिलं नाही. लहानपणी शाळेच्या वाटेवर मुलं हिला 'खड्ड्यातला तांदूळ' म्हणायची. आणि ही उभं आयुष्य एकच वाक्य म्हणत आली: आमच्या घरात खड्डा नव्हताच.

तुम्ही चुलाण्याशेजारची एक अवजड पेटी सरकवायला लावलीत, खालच्या फळ्या काढल्यात. खाली खड्डा होता.

छातीइतका खोल, चौकोनी, नीट बांधलेला. तळाशी भाताच्या तुसाचा हातभर थर. तुसात नंबरवाली फुटकी वाटी. मी वर उभा होतो, मला तिचा चेहरा दिसत होता. तुम्हाला दिसत नव्हता, कारण तुम्ही आत होता आणि आनंदात होता. तुम्ही सांगलीकडचे, हळदीची आणि ज्वारीची पेवं बघत वाढलेले. जमिनीत खड्डा आणि खड्ड्यात तूस दिसल्यावर तुमच्या तोंडून दुसरं काय निघणार? तुम्ही आधी माझ्याकडे बघून मराठीत म्हणालात, "पेव आहे हो, पेव!" आणि मग तिच्याकडे वळून, तुमच्या त्या निर्दोष, व्याकरणशुद्ध जपानीत सगळं समजावून सांगितलंत. हे धान्याचं कोठार. आमच्याकडेही असतात. वाटीवरून युद्धाची वर्षं. तूस आहे त्या अर्थी भात.

तानिगुची-सान कमरेत वाकल्या. तुमचे आभार मानले. लेकाला म्हणाल्या, गाडी काढ.

परत येताना गाडीत आपलं भांडण झालं ते काही साधं नव्हतं. मी म्हटलं, त्या बाईनं तुमच्याकडे बापाचं नाव मागितलं होतं, तुम्ही तिच्या हातात तुसाची मूठ दिलीत. तुम्ही म्हणालात, "जे आहे ते सांगितलं. मी पुरोहित नाही." मी म्हटलं, जे आहे ते नाही, सांगलीला जे असतं ते सांगितलंत. जपानी शेतघरांत तुम्ही आजवर किती पेवं बघितलीत? तुम्ही नखातली माती काढलीत. मग म्हणालात, "बादल्या उचलणाऱ्यानं निष्कर्ष काढू नयेत." नीलाताई गाडी चालवत होत्या. त्यांनी रेडिओ लावला.

नोव्हेंबरात तुमचा फोन आला. भर दुपारी, मी मीटिंगमध्ये असताना. तुम्ही मला दुपारी फोन करायचा नाहीत, संध्याकाळीही करायचा नाहीत. फोन हे नीलाताईंचं खातं. मी घाबरून बाहेर गेलो. तुमच्या आवाजामागे वारा होता, समुद्राचा. तुम्ही तानिगुचींच्या वडिलांच्या गावाकडे गेला होता. सहज, म्हणालात. क्योतोहून कुणी सहज तिथे जात नाही. तिथल्या एका ओस घरात चुलाण्याशेजारच्या फळ्या उचलल्यात तर तसाच खड्डा, तसंच तूस, आणि तुसात कुणीतरी विसरलेली रताळी, वाळून बोटाएवढी झालेली. शेजारच्या घरात तोच प्रकार. त्या किनाऱ्यावर सगळेच रताळी अशी ठेवतात. चुलाण्याची ऊब लागावी म्हणून शेजारी खड्डा, आणि गारठू नयेत म्हणून भाताचं तूस. त्या दमट खड्ड्यात तांदूळ ठेवला असता तर महिन्यात बुरसला असता.

"म्हणजे?" मी विचारलं. मला कळलं होतं, पण मला ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. वीस वर्षं वाट बघितली होती.

तुम्ही म्हणालात, "पेव नव्हतं ते." आणि लगेच, "साडूभाऊ, इतक्यात कुणाला बोलू नका."

मुकुंदराव, तो दिवस मी साजरा करायला हवा होता. चोवीस तास उघड्या कोंबिनीतून चांगली बिअर आणायला हवी होती. पण फोन ठेवल्यावर मला ती मुठीएवढी बाई दिसायला लागली, आणि मी मीटिंगमध्ये परत गेलो तेव्हा काय चाललंय ते मला कळेना. एरवीही कळत नाही, ते सोडा.

मग सबंध हिवाळा दर रविवारी मीच तुम्हाला फोन केला. तिला सांगितलंत का? तुमची उत्तरं मला पाठ आहेत. दोन घरांवरून सिद्ध होत नाही. बर्फ आहे. असल्या गोष्टी फोनवर सांगायच्या नसतात. परिषद आहे. एकदा तर म्हणालात की तिनं कुठं पुन्हा विचारलंय. मी चिडून म्हटलं, घर पाडतील, बाई जाईल, तुम्ही तिसरं घर शोधत बसा. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी सुजातालाही सांगितलं नाही. तुम्ही म्हणालात, "विनायकराव, मला ते वाक्य येत नाही." मी विचारलं कोणतं. तुम्ही फोन ठेवलात.

तुमचं जपानी! विद्यापीठातले प्राध्यापक तुमच्याकडून शब्द विचारून घ्यायचे म्हणे. आणि माझं जपानी, मुकुंदराव, तुम्ही ज्याला 'स्टेशनवरची घोषणा' म्हणायचात, ते तीन चतुर्थांश माफी आहे. वीस वर्षं बँकेच्या लोकांसमोर मी सिस्टिम बंद पडल्याबद्दल माफी मागतोय. उशिराबद्दल वेगळी, चुकीबद्दल वेगळी, दुसऱ्याच्या चुकीबद्दल सर्वांत खोल वाकून वेगळी. मला तेवढंच येतं. तुम्हाला सगळं यायचं, तेवढं सोडून.

फेब्रुवारीत तुम्ही गेलात. कसे, कुठे, हे मी इथे लिहिणार नाही. ते सभेत पुरेसं चघळून झालं. मी क्योतोला पोहोचलो तेव्हा बाल्कनीत तुमचे खणायचे बूट धुऊन उलटे ठेवले होते. त्यांच्याकडे बघून मला तुमचा भयंकर राग आला. अजून उतरलेला नाही. माणसानं इतका हट्टीपणा करावा आणि मग वादाच्या मधूनच उठून जावं, हा भ्याडपणा आहे. तुमच्याशी भांडायला म्हणून मी वर्षातून एकदा कंबर मोडून घ्यायचो. आता मे महिन्यात मी काय करू? ओकिनावाला जाऊ?

तेराव्यानंतर मी नीलाताईंना सगळं सांगितलं. तुम्ही सांगू नका म्हणाला होतात. पण तुमच्या सूचनांची मुदत आता संपली. त्यांनी उठून गॅस बंद केला. मग म्हणाल्या, "लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. स्वतः केलेल्या भाजीत मीठ जास्त झालं तर हा माणूस म्हणायचा, तुझी जीभ थकली असेल. स्वतःची आमटी करपली तर म्हणायचा, गॅस कंपनीचं काहीतरी बिघडलंय." आणि गाडीची किल्ली घेतली.

तानिगुची-सान आता लेकाकडे असतात. त्यांनी आम्हाला गुडघ्यावर बसवलं, चहा दिला. माझे गुडघे चहा येईपर्यंतच टिकले. मी तोंड उघडायच्या आधी त्यांनीच सुरुवात केली: सेन्सेई म्हणजे गुरुजी, म्हणजे तुम्ही, गेल्याचं फार वाईट वाटलं, हिवाळ्यात ते किती वेळा भेटायला यायचे.

नीलाताईंनी माझ्याकडे बघितलं, मी नीलाताईंकडे.

तुम्ही गेला होतात तर, मुकुंदराव. बर्फात, गाडी बदलून, त्या मुठीएवढ्या बाईकडे. त्या सांगत होत्या: यायचे, इथेच बसायचे, मातीच्या प्रकारांबद्दल बोलायचे. फार छान बोलायचे, मला त्यातलं काही कळायचं नाही. मग चहा प्यायचे आणि दारापर्यंत जायचे. दारात बूट घालायला फार वेळ लावायचे. मला वाटायचं, काहीतरी सांगायचंय. वाट बघायची मी. मग म्हणायचे, थंडी आहे, आत व्हा. त्या नीलाताईंना म्हणाल्या, "एकटे वाटायचे. घरी सगळं ठीक होतं ना?"

नीलाताई त्यावर हसल्या, आणि हसता हसता त्यांना जे रडू फुटलं, ते तेरा दिवसांत फुटलं नव्हतं. तुम्हाला शिव्या देत रडल्या. मराठीत, त्यामुळे यजमानांची पंचाईत झाली नाही.

मग मी सांगितलं. माझ्या फलाटावरच्या जपानीत, हातांनी खड्डा दाखवत, बोटानं रताळं दाखवत. तूस म्हणजे तांदूळ नव्हे. वडिलांच्या गावाकडे सगळ्यांच्या घरात असा खड्डा असतो. तांदूळ त्यात टिकलाच नसता. सेन्सेईंनी जाऊन स्वतः पाहिलं.

तानिगुची-सान ऐकत होत्या. त्यांनी मला मध्ये एकच विचारलं, ती रताळी सडली नव्हती का. मी म्हटलं, नाही, नुसती वाळली होती. त्यावर त्या स्वतःशीच बोलावं तशा बोलल्या. रताळी तर वाडीत सगळ्यांकडेच असायची. बाकीचे माळ्यावर ठेवायचे, थंडीनं काळी पडायची. आमची कधी पडली नाहीत. आई वसंतापर्यंत वाढायची, मी कंटाळून रडायचे. आमचीच का टिकतात ते मी कधी विचारलं नाही. तान्हं गेलं त्या हिवाळ्यात वडिलांनी त्या खड्ड्यावर पेटी ओढली, बहुतेक.

मला वाटलं आता या रडतील, आणि रडल्या तर त्यासाठीची माफी कोणत्या प्रकारची, ते मी शोधू लागलो. पण त्या वैतागल्या होत्या.

"आता हे सांगू कुणाला?" त्या म्हणाल्या. "म्हणणारे सगळे मेले."

आणि उठल्या. आतून लाकडी बादली आणि पळी घेऊन आल्या, अंगात कोट घातला. आम्ही म्हटलं, कुठे? म्हणाल्या, त्यांच्याकडेच.

नीलाताईंनी गाडी डोंगरातल्या त्या ओस वाडीकडे घातली. वाडीच्या वरच्या उतारावर सगळ्यांच्या समाध्या आहेत. झाडांच्या सावलीत बर्फ अजून होता. त्यांनी आधी वडिलांच्या दगडावर पाणी घातलं, हात जोडले, पण बोलल्या काहीच नाहीत. तिथे सांगण्यासारखं काही नव्हतं, वडिलांना ठाऊकच होतं. मग एकेका शेजाऱ्याच्या दगडापुढे मला उभं केलं. मी विचारलं, मीच का? त्या म्हणाल्या, "मी त्यांचीच मुलगी. माझं आजवर कुणी ऐकलं नाही. तुम्ही सेन्सेईंकडून आलात."

तेव्हा मुकुंदराव, तुमचा प्रतिनिधी म्हणून मी एकेका मेलेल्या शेतकऱ्यापुढे उभा राहिलो. बँकेच्या संचालकांपुढे वाकतो तेवढा वाकलो. मागे नीलाताई नाक पुसत होत्या. तानिगुची-सान प्रत्येक दगडावर आधी पाणी घालत, मग माझ्याकडे बघून मान हलवत: हं, बोला. हा सगळा प्रकार तुम्ही बघितला असतात तर अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढला असता. मलाही तो मूर्खपणाच वाटत होता. आणि तरी मी तो नीट केला, कारण ज्या माणसाला करायचा होता तो दारात बूट घालत बसला होता.

शेवटचा दगड कितामुरांचा. शेजारी एक अगदी लहान दगड, गुडघ्याच्याही खालचा. तानिगुची-साननी आधी त्या लहान दगडावर पाणी घातलं, हातानं शेवाळ खरवडलं, खूप वेळ. मग मोठ्यावर. मग बाजूला झाल्या. मी पुटपुटलो. तुमचं आडनाव जपानीत जसं होतं तसंच घेतलं: कुरुकारुनी-सेन्सेईंची चूक झाली. तांदूळ नव्हता. मनापासून क्षमा मागतो.

तानिगुची-साननी माझी बाही ओढली.

"जरा मोठ्यानं," त्या म्हणाल्या. "कितामुरा-सानना ऐकू कमी यायचं."

मी छाती भरून घेतली, मुकुंदराव, आणि तुमचं नाव घेऊन डोंगराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडलो: चुकले, सेन्सेई चुकले.